नैरोबी येईपर्यंत देव पाण्यात

मुंबईहून नैरोबी किती लांब आहे, हा प्रश्न मला आयुष्यात कधी कोणी विचारील असं वाटलं नव्हतं. विचारलाच तर मी ‘बरंच’ म्हणालो असतो आणि दुसऱ्या विषयाकडे वळलो असतो. पण प्रश्न आत्याने विचारला. आत्याला ‘बरंच’ हे उत्तर चालत नाही. वाण्याने ‘बरीच साखर’ म्हणून पुडी बांधून दिली तर घेशील का, असं तिने मला तोंडावर विचारलं.

राधाबाई ही माझी सख्खी आत्या. गिरगावातल्या आमच्या चाळीत ती माझ्या शेजारच्याच खोलीत राहायची. आतोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. पोटी मूल नाही. दिराची पोरकी मुलगी मृणालिनी तिने तीन वर्षांची असल्यापासून वाढवली होती, आणि त्या मृणालचं नुकतंच लग्न झालं होतं. नवरा नैरोबीला हिंदी मुलांच्या शाळेत मास्तर. तो लग्न करून पुढे निघून गेला होता आणि आता बायकोला बोलावत होता. बोटीने यायचं तर बोटीने या, विमानाने यायचं तर विमानाने, तिकीट मी काढतो, असं त्याने कळवलं होतं. असा जावई चाळीत पूर्वी कोणाला मिळाला नव्हता, त्यामुळे त्याच्यात काहीतरी खोट असणार यावर सगळ्यांचं एकमत होतं.

बोटीला आठ-दहा दिवस लागतात, हे ऐकल्यावर आत्या शांतपणे म्हणाली, “ठीक आहे. पोरगी तिकडच्या जमिनीवर पाऊल ठेवीपर्यंत मी देव पाण्यात ठेवीन. आणि देव पाण्यात असताना माझ्या तोंडात घास नाही की पाण्याचा थेंब नाही.”

आत्याला रक्तदाब होता. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तिची एकादशीसुद्धा बंद केली होती. उपास केलात तर मला बोलावू नका, असं त्यांनी बजावलं होतं. आठ-दहा दिवस म्हणजे मृणाल तिकडे पोहोचायची आणि आत्या भलतीकडेच. आणि आत्याने एकदा म्हटलं की म्हटलं. आतोबांच्या माघारी तिचा शब्द मोडायला चाळीत कोणी उरलं नव्हतं.

“विमान!” मी ओरडलो. “आत्या, मृणाल विमानाने जाईल. विमानाला नुसते काही तास लागतात.”

“किती तास?”

“काही.”

“काही म्हणजे किती? मला नक्की सांग, रमाकांता. अर्धा तास आधी देव काढले आणि विमान तेवढ्यात वर असलं, तर?”

मी फोर्टातल्या एका विमा कंपनीत कारकून होतो, मनाने आधुनिक होतो, आणि देवांचा व विमानाचा काही संबंध नसतो असं माझं ठाम मत होतं. पण ते मत आत्यासमोर मांडण्याइतका मी आधुनिक नव्हतो. शिवाय शाळेत भूगोलात माझा वर्गात पहिला नंबर असे, ही गोष्ट मी लग्नानंतर दुर्गाला इतक्यांदा सांगितली होती की ती आता दारात उभी राहून नुसती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “मी काढून देतो. मैल, तास, सगळं.” झालं, माझी शांतता तिथे संपली.

आता कोणी म्हणेल, यात काढायचं काय, विमान कंपनीत जाऊन विचारायचं. मी दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत गेलो. आत पंखे होते, गुळगुळीत फरशी होती, आणि भिंतीवर एवढं मोठं निळं चित्र होतं. निळ्यावर एक रुपेरी विमान. मी त्या चित्राकडे बघत राहिलो. खालचं निळं पाणी की वरचं, ते कळत नव्हतं. पंख्याने माझा सदरा हलत होता आणि मला खरोखर वाटलं की फरशी किंचित वर उचलली जाते आहे. काउंटरवरच्या साहेबाने दोनदा खाकरून मला खाली उतरवलं.

“आपण प्रवासी?”

“नाही. मला फक्त सांताक्रूझ ते नैरोबी अंतर हवं होतं.”

“कशासाठी?”

आता काय सांगायचं? देव पाण्यात ठेवायचेत, हे वाक्य मराठीतच सांगायला अवघड. ते मला इंग्रजीत सांगायचं होतं. मी ‘फॅमिली रीझन्स’ म्हणालो. त्याने माझ्या चपलांकडे पाहिलं. म्हणाला, “अंतर विमान कापतं साहेब, प्रवाशाने ते पाठ करायची गरज नसते. सकाळी सातला निघतं, वाटेत एडनला उतरतं, तिथे साडेचारला पोहोचतं. वारा समोरून असला तर उशीर होतो.” आणि तो मागच्या पारशी बाईंशी इतक्या गोडपणे बोलायला लागला की माझा अपमान झाला आहे हे मला रस्त्यावर आल्यावर कळलं.

सात ते साडेचार म्हणजे साडेनऊ तास. मी घरी येऊन जाहीर करून टाकलं. पण ही बातमी गॅलरीच्या टोकाला राहणाऱ्या रघुवीर मास्तरांपर्यंत गेली आणि मास्तर धोतराचा सोगा सावरत आले. मास्तर निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण चुकीचं उत्तर कुठे दिलं जातंय याचा वास त्यांना अजून येत असे.

“अहो, साडेचार कुठले? तिथले! सूर्य तिकडे उशिरा उगवतो. तिकडची घड्याळं आपल्यापेक्षा अडीच तास मागे. साडेनऊ अधिक अडीच, झाले बारा. भूगोलात पहिले होतात ना तुम्ही?”

दुर्गा आत भांडी घासत होती, ती जरा जास्तच आवाज करून घासायला लागली. आत्या मात्र वेगळाच विचार करत होती. तिने हळूच विचारलं, “म्हणजे मी इथे दिवेलागण करीन, तेव्हा मृणालकडे ऊन असेल?”

“असेल,” मास्तर म्हणाले.

“आणि मी निजायला जाईन तेव्हा ती स्वयंपाकाला लागलेली असेल?”

“साधारण तसंच.”

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पदराने उगाच देव्हाऱ्याची कड पुसली. मला एकदम वाईट वाटलं. मैल मोजणं मला जमलं असतं. पण हे दुसरंच काहीतरी होतं आणि त्याला माझ्याकडे पट्टी नव्हती.

घड्याळाबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण पुढे सगळा घोटाळा त्याच्यामुळे झाला. पूर्वी मुंबईची स्वतःची वेळ होती. सगळा हिंदुस्थान एका वेळेने चाले आणि मुंबई त्याच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. पुढे ती हळूहळू सगळीकडून गेली. शेवटी म्युनिसिपालिटीनेही सोडली. पण आतोबा म्युनिसिपालिटीत होते आणि त्यांनी हयातभर ते घड्याळ मुंबईच्या वेळेवर ठेवलं होतं. ते गेल्यावर आत्याने रोज किल्ली दिली, पण काटा कोणाला सरकवू दिला नाही. चाळीत सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि कोणी त्याबद्दल अवाक्षर काढत नसे. आत्याने पाच म्हटलं की ऐकणारा मनातल्या मनात एकोणचाळीस मिनिटं मिळवायचा आणि पुढे बोलायचा. फक्त खालच्या मजल्यावरचे बाबुराव उघड बोलत. ते समितीचं काम करायचे, दोनदा तुरुंगात जाऊन आले होते, आणि जगातला कुठलाही विषय त्यांना संयुक्त महाराष्ट्रापर्यंत नेता येत असे. “राधाबाईंचं घड्याळ म्हणजे मुंबईचा शेवटचा बुरूज आहे,” असं ते म्हणत आणि त्या घड्याळाला नमस्कार करत.

बारा तास हे उत्तर आत्याला पटेना. ते ऐकीव होतं. विमान किती मैल जातं आणि ताशी किती धावतं यावरून तास निघाले पाहिजेत, तर खरं. हिशेबाचा ताळा करून पाहायची सवय तिला आतोबांनी लावली होती. तेव्हा मास्तर आपला पृथ्वीचा गोल घेऊन आले. पुढचे काही दिवस संध्याकाळी आमच्या गॅलरीत हेच चाललं होतं. गोल मधोमध, भोवती आम्ही, आणि दुर्गाच्या गजऱ्यातून काढलेला दोरा. मुंबईवर दोऱ्याचं टोक मी धरायचं आणि मास्तरांनी ते समुद्रावरून ओढत एडनला न्यायचं. एडनहून खाली वळलं की मात्र पंचाईत व्हायची. मास्तरांच्या माळ्यावर उंदराने पूर्व आफ्रिका खाल्ली होती. नैरोबी असायला हवं तिथे बोट आत जाईल एवढं भोक होतं.

“भोकाच्या अलीकडच्या कडेपर्यंत मोजू आणि पुढचे अंदाजाने धरू,” मास्तर म्हणाले.

“माझी पोरगी अंदाजाने भोकात उतरणार?” आत्या म्हणाली.

शेवटी मास्तरांनी त्यावर कागदाचा तुकडा चिकटवला आणि मी त्यावर शाईने एक ठिपका दिला. तो वाळायच्या आत दत्ताराम आला. दत्ताराम गोदीत होता आणि आमच्यातला तोच एक माणूस रोज परदेशी जाणारं काहीतरी बघत असे. त्याने दोऱ्याकडे पाहून मान हलवली.

“मास्तरानू, वाऱ्याचा काय केल्यात? सकाळी मतलय आसता. तो जमिनीवरसून दर्यात जाता. तो विमानाक मागसून ढकलतलो. पण दुपारनंतर खारो वारो सुटलो काय समोरसून येतलो. मगे?”

“तो किनाऱ्यापुरता असतो,” मास्तर म्हणाले.

“किनारो सोडल्याशिवाय जातला कसा विमान?” दत्तारामने विचारलं. बाबुराव म्हणाले की नैरोबी राहू द्या, आधी बेळगाव किती लांब आहे ते दिल्लीला जाऊन कोणीतरी दोऱ्याने मोजून दाखवा. त्या दिवशी मोजणी तिथेच थांबली.

खरं सांगायचं तर मला ती मोजणी थांबायला नकोच होती. संध्याकाळी गॅलरीत दिवे लागलेले नसत, खालच्या अंगणात नळ बारीक वाहत असे, आणि माझ्या बोटाखाली दोरा निळ्या समुद्रावरून सरकत असे. मी जन्मात कधी विमानात बसलो नव्हतो, बसेन असंही नव्हतं. पण त्या दिवसांत मी रोज थोडा थोडा जात होतो. एडनपर्यंत मला पाठ झालं होतं. मला खिडकीतून पाणी दिसायचं, त्यावर विमानाची एवढीशी सावली, आणि ती सावली आपली मुकाट्याने बरोबर चालली आहे. ऑफिसात मी एका आगीच्या विम्याच्या कागदावर ‘मुक्काम गिरगाव’ऐवजी ‘मुक्काम नैरोबी’ लिहिलं. साहेबांनी बोलावून विचारलं, बदली मागताय का? मी नाही म्हणालो. पण म्हणताना मन थोडं दुखलं.

दोऱ्याने शेवटी तीन हजार मैल दिले. मास्तरांनी विमानाचा वेग, एडनचा मुक्काम आणि दत्तारामच्या समाधानासाठी थोडा खारा वारा धरला, आणि उत्तर पुन्हा बारा तासच आलं. आत्या प्रसन्न झाली. सकाळी सात ते संध्याकाळी सात. डॉक्टरांना विचारलं, ते कपाळाला हात लावून म्हणाले, “बारा तास? बरं. पण त्यावर एक मिनिट नको. त्यांचं वय बघा जरा.” म्हणजे आता सगळं माझ्या हिशेबावर होतं. जास्त सांगितलं तर आत्याला धोका, कमी सांगितलं तर तिच्या मते मृणालला. मी आधुनिक असूनही मला झोप येईना.

आणि मग मला घड्याळ आठवलं. सात म्हणजे रेडिओचे सात. आत्या बघणार तिच्या भिंतीवर. त्या घड्याळाचा उल्लेख करून तिचं मन दुखवायचं मला नको होतं. म्हणून मी मनातल्या मनात एकोणचाळीस मिनिटं वजा केली आणि तिला सांगितलं, “आत्या, सहा एकवीसला देव पाण्यात ठेव. संध्याकाळी सहा एकवीसला काढ.”

“सात म्हणत होतास ना?”

“मास्तरांचा वारा वगैरे धरून सहा एकवीस.”

ती “बरं” म्हणाली. इतक्या सहज म्हणाली की मला माझ्या नाजूकपणाचा अभिमान वाटला.

मृणाल निघाली त्या पहाटे सगळी चाळ गॅलरीत उभी होती. आत्याने तिच्या हातावर दही घातलं, ओटी भरली, मेतकुटाचा डबा पिशवीत सारला. रडली नाही. फक्त म्हणाली, “खिडकीशी बस गं. बाहेर बघत जा.” मृणालच खूप रडली. टॅक्सीत ती माझा हात धरून बसली होती. लहानपणी चौपाटीवर भेळ खाताना धरायची, तसा. सांताक्रूझला विमान वेळेवर हललं. दूर गेलं, वळलं, धावलं आणि कधी जमीन सोडली ते मला नीट कळलंच नाही. एवढे दिवस मी तेच बघायला जीव टाकत होतो आणि त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी होतं. मी डोळे पुसले तेव्हा आकाशात एक बारीक चमक होती, आणि पाहता पाहता तीही नव्हती.

संध्याकाळी ऑफिसातून आलो. माझ्या मनगटावर साडेसहा वाजले होते. जिन्यात बाबुराव भेटले, म्हणाले, “अजून अर्धा तास, काय?” मी म्हणालो, “हो, अर्धाच तास,” आणि आत्याच्या खोलीत डोकावलो.

आत्या पाटावर बसून मऊ भात खात होती. देव्हाऱ्यात देव पुसून, गंध लावून, कोरडे ठणठणीत बसले होते.

“आलास? बस. पोहोचली हो मृणाल,” ती म्हणाली. तिचा चेहरा अगदी निवांत दिसत होता. भिंतीवरच्या घड्याळात सहाला नऊ मिनिटं कमी होती.

मी तिथे उभा राहून हिशेब केला. तिला मी सहा एकवीस सांगितलं. ती मनात म्हणाली असणार, रमाकांत सरकारी वेळेने चालतो, बिचारा मला बोलायला संकोचतो, आपणच आपल्या घड्याळाचं करून घ्यावं. आणि तिनेही एकोणचाळीस मिनिटं वजा केली होती. मी तिच्यासाठी वजा केली, तिने माझ्यासाठी वजा केली. एवढ्या सभ्यपणात दोघांनी मिळून देव आधीच बाहेर काढून ठेवले होते, आणि मृणाल अजून आफ्रिकेवर अधांतरी होती.

सांगावं, तर ती तोंडातला घास टाकणार, देव परत बुडवणार आणि तार येईपर्यंत उठणार नाही. डॉक्टरांचं ‘एक मिनिट नको’ माझ्या कानात वाजत होतं. न सांगावं, तर... तर काय? मी आधुनिक होतो. देवांचा आणि विमानाचा काही संबंध नव्हता. हे मी स्वतःला सांगत माझ्या खोलीत गेलो, दार लोटलं, दाढीचा मग विसळला, त्यात पाणी ओतलं आणि दुर्गाच्या देव्हाऱ्यातला पितळी गणपती उचलून हळूच त्यात बुडवला.

दुर्गा मागे उभी होती. “अहो, हे काय?”

“काही नाही. अर्धा तास. मग सांगतो.”

तिने मगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बायको म्हणून तिच्याविषयी मला जे काही वाटतं ते त्या क्षणी दुप्पट झालं, कारण ती एक शब्द बोलली नाही. फक्त साबणाचा फेस मगाच्या कडेला लागला होता तो तिने पदराने पुसला.

मग घेऊन मी गॅलरीत उभा राहिलो. ऑफिसातून आल्यावर मी पाणीसुद्धा प्यायलो नव्हतो आणि आता पिणं योग्य नव्हतं. नियम म्हणजे नियम. समोरच्या चाळीच्या कौलांवर ऊन उतरत होतं. माझ्या मगात एवढंसं पाणी, त्यात बोटभर गणपती, आणि वर त्यातच आकाशाचा एक तुकडा पडलेला. मी त्या तुकड्याकडे बघत राहिलो. त्यात एक रुपेरी ठिपका सरकतोय असं मला वाटत होतं. खाली लाल माती, कुठे झाडं, आणि खिडकीशी मृणाल, कपाळ काचेला टेकून. मी मग जरासुद्धा हलू दिला नाही; पाणी हललं तर विमान हलेल असं मनात येत होतं. मनात काय येईल ते कोणाच्या हातात असतं?

“रमाकांता,” आत्याने दारातून हाक मारली, “चहा घेतोस?”

“नको.”

“आल्याचा टाकते.”

“नको आत्या, आत्ता नको.”

ती क्षणभर दारात उभी राहिली आणि आत गेली. माझ्या मनगटावर सात वाजले, वर पाच मिनिटं मी खाऱ्या वाऱ्यासाठी थांबलो, मग गणपती पुसून जागेवर ठेवला आणि दोन तांबे पाणी प्यायलो. मी एवढा दमलो होतो की नैरोबीला मीच जाऊन आलो असं वाटत होतं.

सकाळी तार आली. तारवाल्याची हाक ऐकताच सगळी चाळ आत्याच्या दारात जमा झाली. मी तार फोडली, मोठ्याने वाचली आणि मराठीत सांगितलं: “सुखरूप पोहोचले. विमान दोन तास उशिरा. मृणाल.”

सगळ्यांनी आनंदाने आरडाओरडा केला. दत्ताराम म्हणाला, “मियां सांगलंय नाय? खारो वारो!” मास्तर माझ्याकडे बघेनात आणि मी मास्तरांकडे. दोन तास! म्हणजे आत्याचे देव कोरडे होते, माझा गणपती कोरडा होता, आणि ती पोर त्यानंतरही कितीतरी वेळ वर होती. तीन हजार मैल दोऱ्याने मोजून आम्ही कोणीच तिच्याबरोबर शेवटपर्यंत गेलो नव्हतो.

आत्या भिंतीला धरून उठली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती देव्हाऱ्याशी गेली आणि तिने खालच्या फडताळातून झाकलेलं पातेलं बाहेर ओढलं. झाकण काढलं. पाण्यात सगळे देव होते. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, आतोबांच्या वेळचा छोटा महादेव, सगळे. तिने एकेक बाहेर काढला, पुसला, आणि जागेवर ठेवला.

“आत्या! तू... काल तर जेवत होतीस!”

“दोन घास गेले होते पोटात. मग तू गॅलरीत दाढीचा मग घेऊन उभा होतास.” ती शेवटचा देव पुसत म्हणाली. “मला वाटलं, याचं दाढीचं खूळ असेल. पण तू चहा नको म्हणालास. जन्मात तू चहाला नाही म्हटलेलं नाहीस, रमाकांता. तेव्हा मला कळलं, हिशेब चुकलाय. मग परत ठेवले.”

“रात्रभर? काही न खाता? मला हाक का नाही मारलीस?”

“तुला वाईट वाटलं असतं रे. एवढं मोजत होतास.”

ती मटकन पाटावर बसली. दुर्गाने धावत जाऊन साखरपाणी आणलं, बाबुराव डॉक्टरांना आणायला पळाले. डॉक्टर आले आणि आत्याऐवजी मलाच रागावले. मी ते सगळं ऐकून घेतलं. मी आत्याच्या हातातला रिकामा पेला धरून बसलो होतो. पुन्हा तसंच झालं होतं: मी तिच्यासाठी लपवलं होतं, तिने माझ्यासाठी. फक्त या वेळी तिचा हिशेब बरोबर आला होता.

दुपारी तिला बरं वाटलं तेव्हा तिने मला बोलावलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. “स्टुलावर चढ. काटा फिरव.”

मी तिच्याकडे बघतच राहिलो. आतोबा गेल्यापासून त्या काट्याला कोणी बोट लावलं नव्हतं. मनात म्हटलं, बरं झालं, इतक्या वर्षांनी एकदाचं हे घड्याळ सगळ्यांबरोबर येणार. मी काच उघडली आणि काटा पुढे न्यायला लागलो.

“पुढे नाही रे,” आत्या म्हणाली. “मागे. तिकडचं कर. पोरगी कधी उठली, कधी जेवली, मला कळायला नको?”

मी काटा मागे नेला. तेव्हापासून आमच्या चाळीत, नळाच्या वरच्या खोलीत, नैरोबीची वेळ सुरू झाली. आम्ही सगळे दुपारची झोप काढून उठायचो तेव्हा आत्या म्हणायची, “आत्ता शाळेची मधली सुट्टी झाली असेल, जावई घरी जेवायला येतील.” आणि आम्ही मनातल्या मनात अडीच तास मिळवायचो. सवय झाली होती.

पुढे तीन वर्षांनी महाराष्ट्र झाला. त्या रात्री बाराचे ठोके पडले आणि सगळं गिरगाव उजळलं. फटाके, भोंगे, गुलाल. बाबुराव रडत, हसत, पेढ्यांचा पुडा घेऊन दारोदार फिरत होते. आत्याच्या दारात आले आणि पेढा पुढे केला. आत्या जागीच होती. तिने घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ झाले होते.

“थांबा हो बाबुराव,” ती म्हणाली. “तिकडे अजून बारा कुठे वाजलेत? मृणाल आत्ता ताटं उचलत असेल. तिच्याकडे होऊ दे, मग घेईन.”

बाहेर दारूकाम चाललं होतं आणि खालून त्यांना हाका मारत होते. बाबुरावांनी एकदा गॅलरीकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. मग हातातला पेढा तसाच धरून ते उंबऱ्यावर बसले. “चालेल राधाबाई,” ते म्हणाले, “इतकी वर्षं थांबलो, अडीच तासांचं काय एवढं.” मीही त्यांच्या शेजारी बसलो.